सगळ्या फायलींचं नाव श्री

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत राजेहो, गव्हातल्या खड्यासारखे आपोआप दाताखाली येतात! अमरावतीत आम्ही तिघं मराठी लिहायचा एक एडिटर, म्हणजे टायपिंगचं सॉफ्टवेअर, बनवून विकतो. फाईलचं नाव विचारणारी चौकट मी बनवली, माहिती-पुस्तिका मीच लिहिली. म्हणून तक्रारींचे फोनही मीच उचलायचे. फोन न करणारं गिऱ्हाईक एकच: वलगावचे वानखडे सर. ऐंशीचे रिटायर मास्तर. डोळे पुरते जायच्या आत गावच्या आठवणींचं पुस्तक लिहून काढायचं म्हणून एडिटर घेऊन गेले होते.

*

चौकटीत मी एक हुशारी केली होती. मजकुराचा पहिला शब्द ती स्वतःच नाव म्हणून सुचवायची. नुसतं एंटर दाबा, फाईल सेव्ह! पण आपल्याकडे कागदावर पहिला शब्द कोणता असतो? श्री! लग्नपत्रिकेवर श्री, किराण्याच्या यादीवरही श्री. आणि त्या नावाची जुनी फाईल असली, तर एडिटर न विचारता तिच्यावरच नवी लिहायचा.

*

अंजनगाव सुर्जीचा पत्रिकावाला फोनवर तापला. "अकरा पत्रिका टाइप केल्या, दहा गेल्या कुठी?"

मी कारण सांगितलं.

"मंग मी काय श्री लिवाचं सोडू? तुमीच सॉफ्टवेअर सोडा ना!"

*

अकोल्याच्या सलीमभाईंचं टायपिंगचं दुकान. त्यांना आधीच सावध केलं, तर हसले. "अपने यहाँ श्री का टेंशनच नहीं!"

दोन दिवसांनी त्यांचाच फोन. सगळ्या फायली '७८६' मध्ये गडप.

*

मग मी चौकटीत प्रश्न टाकला, "या नावाची फाईल आहे. पुसू का?" आमचे मालक प्रमोदभाऊ तपासायला बसले, न वाचताच एंटर दाबलं आणि स्वतःचीच फाईल घालवली.

"भाऊ, वाचत काहून नाही?"

"वाचाले टाइम कोनाले आहे बे!"

थकलो. एंटर म्हणजे 'नाही' करून टाकलं.

*

पुस्तिकेचं तर विचारूच नका. "एका नावाच्या फायली एडिटर वेगवेगळ्या जपून ठेवतो. निश्चिंत राहा," असं मी आधीच लिहून ठेवलं होतं. ती सोय करायची राहूनच गेली, वाक्य मात्र छापून गेलं. प्रमोदभाऊ म्हणाले, "राहू दे. पुस्तिका वाचते कोन?"

*

शेवटी वानखडे सरांचा फोन आला. "एकवीस प्रकरणं लिवली. एकच दिसून राहिलं."

वलगावला गेलो. कॉम्प्युटरवर एडिटर जुनाच, न विचारता पुसणारा, आणि फाईल एकच होती, श्री. त्यात फक्त एकविसावं प्रकरण. कागदावर काही काढलेलं नव्हतं. सरांना तोंड दाखवायची लाज वाटली.

टेबलावर माझी पुस्तिका होती. पानोपानी लाल पेनाच्या खुणा! अख्ख्या वऱ्हाडात ती वाचणारा हा एकच माणूस. सरांनी एक पान उघडलं. 'निश्चिंत राहा' खाली रेघ होती.

"हे तूच लिवलं?"

"हो सर."

त्यांनी पुस्तिका मिटली. मग चष्मा काढून ठेवला.

"मले आता स्क्रीनवरचं नीट दिसत नाही. बस त्या खुर्चीवर. मी सांगतो, तू लिव."

मी नवी फाईल उघडली. "सांगा सर."

"पहिले श्री लिव."