टबातलं पिवळं फूल

गल्लीत डासांच्या औषधाचा धूर मारला की तो घशाला लागणारा वास मला डिलाईल रोडच्या चाळीत नेऊन उभं करतो. तिथे गॅलरीत, प्लास्टिकच्या टबात मी एक किडे खाणारी पाणवनस्पती वाढवली होती. तिच्या पानांवरच्या राईएवढ्या पिशव्या डासांच्या अळ्या गिळायच्या. तिला पहिलं पिवळं फूल आलं त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीला डेंग्यू झाला. "तुझ्या त्या साचवलेल्या पाण्यानेच पोरगी आजारी पडली," आई म्हणाली. आत बहीण तापात बरळत होती. पालिकेचा माणूस आला, टबात बॅटरी मारून बघत राहिला. "यात काही नाही," म्हणत तो आत गेला आणि त्याने फ्रिज पुढे ओढला. मागच्या ट्रेमधल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. तो गेल्यावर आईने ट्रे घासला, पुसून कोरडा केला आणि टबातल्या वनस्पतीची एक काडी आणून राखणीला त्यात ठेवली. पाण्याशिवाय ती जगणार नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही. आजही बहिणीच्या घरी गेलो की आधी मी तिचा फ्रिज पुढे ओढतो, आणि ती हसत नाही.