एकाच पाण्यातून काढलेले लंगोट

आमच्या सुनेने डायपर जितका पारखून घेतला तितका नवराही घेतला नसेल, असं मी एकदा जेवताना म्हणाले. "म्हणून तर आपल्याकडे आली," असं म्हणून ह्यांनी ताकाचा पेला तोंडाला लावला. सून हसली नाही. तिच्या मांडीवर अडीच महिन्यांची नात होती आणि नातीच्या जांघेत लाल चट्टा उठला होता.

सून बाळंतपणाला जळगावला, पिंप्राळ्यात आईकडे होती. तिथून ती आमच्याकडे धुळ्याला आली ती ऐन उन्हाळ्यात. मुलगा दीपनगरला नोकरीला, फक्त रविवारी घरी. त्याला क्वार्टर मिळणार होतं दिवाळीत. तोवर नात माझी, असा माझा हिशोब. दोन पोरं वाढवलेली बाई मी. सून मला काहीतरी विचारेल म्हणून तयारीत बसले होते. पण ती मोबाईललाच विचारायची.

नातीची कातडी फार नाजूक. डास चावला तरी दिवसभर पुळी राहायची. म्हणून सून अख्खं पाकीट कधी घ्यायची नाही. मेडिकलमधून सुटा एकेक डायपर आणायची आणि आधी हुंगायची. वास आला की तो बाद.

"चांगला तर वास येतोय," मी म्हणायचे.

"तोच नको ना, आई."

मग तो जरा ओला करून स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूला धरून बसायची. कमरेत दोन बोटं सहज जायला हवीत. मांडीला वळ दिसला की वरचा साईझ. कोणत्या दिवशी कोणता लावला ते कॅलेंडरवर पेन्सिलने लिहायची. शेजारच्या अक्का, मूळच्या चोपड्याकडच्या, एकदा डोकावल्या. "हाई काय शे माय? पोरले पोतं बांधं का?" म्हणाल्या. मी हसले. सुनेला स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतकं मोठ्याने हसले.

शेवटी तोडगा निघाला: रात्री आणि बाहेर जाताना डायपर, एरवी लंगोट. लंगोट माझ्या जुन्या सुती साड्यांचे, धुऊन धुऊन साय झालेल्या. ते धुण्याचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. त्यात माझा मान होता.

आता आमच्या भागात नळ येतो आठ-आठ दिवसांनी. उन्हाळ्यात तर घरात प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, आणि वापरलेलं पुन्हा वापरायचं आणखी वेगळं. दिवसाला पंधरा-वीस लंगोट निघायचे. पिवळा डाग राहिलेला मला खपत नाही, म्हणून मी धुण्याची पावडर मूठभर टाकायचे. आणि खळबळून काढायचे एकाच बादलीतून, कारण दुसरी बादली आणायची कुठून? पुढचं काम गच्चीवरचं ऊन करतं अशी माझी समजूत. तासाभरात लंगोट पापडासारखे कडक व्हायचे. पण पांढरे कसे! समोरच्या गच्चीवरच्या बायका बघायच्या आणि मी त्यांनी बघावं म्हणून सावकाश वाळत घालायचे.

चट्टा पसरत गेला. "ते प्लास्टिक सोड, बाई," मी रोज म्हणायचे. सून डायपर बदलून पाहायची, मी मान हलवायचे. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं, आठवडाभर डायपर बंद ठेवून बघा म्हणाले. मला झालेला आनंद आता सांगायला लाज वाटते. मग त्यांनी विचारलं, "कपडे कशात धुता?"

सून तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "साध्या साबणात. तीन पाण्यातून."

तेव्हा मला ते खोटंही वाटलं नाही. पाणी असतं तर मी तीनातूनच काढले असते.

डायपर बंद झाले. आता चोवीस तास माझे लंगोट. पाचव्या दिवशी नातीची कातडी फुटली. लघवी झाली रे झाली की ती अशी किंचाळायची की हे पेपर घेऊन गच्चीवर जाऊन बसायचे. सून कॅलेंडर काढून बोट फिरवत बसायची. "यातलाच कुठला तरी बाधला," म्हणायची. "मीच चुकीचा निवडला, आई." मी "नाही गं" म्हणाले नाही.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मी हिला घेऊन थोडे दिवस जळगावला जाते."

"जा. निदान आईचं तरी ऐक तिथे," मी म्हणाले.

आठवड्याने विहीणबाईंचा फोन आला. "भरलं हो सगळं. गुलाबी कातडी आली. डायपरच लावतोय दिवसरात्र, तो बिनवासाचा."

"हवापालट झाला ना," मी म्हणाले. तोंडात तेच आलं.

त्यानंतर दोन दिवसांनी नळ आला, आणि नेमका भरपूर आला. टाकी, पिंपं, पातेली भरून झाली. घरात आधीच धुऊन ठेवलेल्या लंगोटांची चळत पडून होती. म्हटलं, एकदा नुसत्या पाण्यातून काढून ठेवू, सून आली की लागतील. टब भरला, लंगोट टाकले, हाताने दाबले.

फेस आला.

हे मागे उभे होते. "पावडर टाकलीस?"

"नाही."

"मग हे काय?"

मी पाणी ओतून दुसरं घेतलं. पुन्हा फेस. चौथ्या पाण्याला तो जरा कमी झाला. त्या पोरीच्या उघड्या जखमेला मी दिवसभर काय बांधत होते ते टबात पांढरं तरंगत होतं. ह्यांनी पुढची बादली भरून माझ्याजवळ सरकवली. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

फोनवर सांगायला धीर होईना. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने जळगावला गेले. चळतीतला एक लंगोट पुन्हा पाण्यातून न काढता तसाच पर्समध्ये ठेवला होता, चोरीचा माल परत करायला निघावं तसा. पिंप्राळ्यात पोचल्यावर आधी नातीला मांडीवर घेतलं. मग विहीणबाईंकडून पाण्याचा मग मागितला, लंगोट त्यात बुडवून पिळला आणि सगळं सांगितलं.

"उन्हाळ्यात पाण्याची ओढ असतेच हो," विहीणबाई म्हणाल्या. भली बाई.

सून मगातल्या फेसाकडे बघत होती. "डॉक्टरांना तुम्ही तीन पाणी सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही.

"हो."

तेवढ्यात मांडी गरम झाली. डायपर भरला होता, बाजूने गळत होता. नवा शेजारीच पडला होता. मी हात पुढे केला. इतक्या दिवसांत दोन बोटांचा तो नियम मलाही पाठ झाला होता.

"द्या, मी बदलते," सून म्हणाली, आणि नातीला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली.

क्वार्टर दिवाळीच्या आधीच मिळालं. सून पिंप्राळ्याहून परस्पर दीपनगरला गेली. तिचा फोन येतो, सणाला येतात, नातीला माझ्याकडे देतेही. येताना डायपर मोजून आणते, आणि नातीचे कपडे पिशवीत भरून न धुताच परत नेते. "कशाला तुम्हाला त्रास, पाणी कमी असतं," म्हणते.

लंगोट मी सगळे चार-चार पाण्यातून काढून घडी करून ठेवले. नात आता चालते, तिला ते लागायचे नाहीत. मागच्या आठवड्यात ह्यांनी त्यातला एक स्कूटर पुसायला घेतला.

"मऊ आहे गं चांगला," म्हणाले.