विमानाच्या आतला रंग

चंद्रभानच्या विमानाबद्दल लोक मला अजून विचारतात. उडालं का, किती उंच गेलं, तुम्ही बसला होतात का? रंगाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. आणि मला त्या विमानाचं नाव काढलं की आधी रंगच आठवतो आणि डोकं फिरतं.

चंद्रभान मूळचा हिवरखेडचा. घरी काळी जमीन, बाप आणि दोघे भाऊ शेतीत. हा मात्र लहानपणीच यंत्रांच्या नादी लागला, घरच्यांशी भांडून अमरावतीला आला आणि बडनेरा रस्त्यावरच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर झाला. माझी ओळख झाली तेव्हा तो तिथला हेडफिटर होता. वय पस्तिशीच्या आत-बाहेर, अंगानं काटक, बोलणं मोजकं आणि तेही तोडून टाकल्यासारखं. यंत्र बंद पडलं की तो आधी त्याच्यापाशी नुसता बसून राहायचा. मालक ओरडतोय, मजूर खोळंबलेत, कापसाच्या गाड्या दारात उभ्या, आणि हा बसलेला. मग उठून कुठलातरी एकच नट फिरवायचा आणि यंत्र सुरू व्हायचं. अशा माणसाचा राग येतो, आणि त्याच्यावाचून चालतही नाही.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मास्तर. १९३४ च्या उन्हाळ्यात तो रद्दीतलं एक इंग्रजी मासिक घेऊन माझ्या दारात उभा राहिला. त्यात एकट्या माणसानं घरच्या घरी बांधायच्या छोट्या विमानाचे नकाशे होते. लाकडाचा सांगाडा, वर कापड, पुढे मोटारसायकलचं इंजिन. हे वाचून सांगा, म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही, तिथंच ओट्यावर बसून राहिला. मी म्हणजे त्याला बंद पडलेलं यंत्रच वाटलो असेन. शेवटी मी चष्मा लावून वाचायला घेतलं आणि त्यातच अडकलो.

जिनिंगचा हंगाम संपला की फॅक्टरीची मोठी शेड पावसाळाभर रिकामी असे. मालकानं ती त्याला वापरू दिली होती. अट एकच, दसऱ्यानंतर तीन दिवसांत शेड मोकळी झाली पाहिजे, कारण मग कापूस येतो. पहिली दोन वर्षं सुटे भाग त्याच्या खोलीत मावले. तिसऱ्या वर्षी विमान उभं राहिलं. पंख लावलेलं, कापड चढवलेलं, इंजिन बसवलेलं. पण सरकारी इंजिनिअरनं तपासून कागद दिल्याशिवाय ते जमिनीवरून चार बोटंही उचलता येणार नव्हतं. त्या कागदासाठी मी अकरा पत्रं लिहिली. शेवटी एका गोऱ्या साहेबाचं उत्तर आलं की तो मेलनं नागपूरला जाताना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला उतरेल आणि अर्धा दिवस देईल. त्यानंतर तो विलायतेला परत जाणार होता. पुढे कोण येईल, येईल की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याच पत्रात रंगाची कलमं होती. विमानाच्या पोटातलं सगळं लाकूड रंगवलेलं पाहिजे, नाहीतर ते ओल धरतं. रंग फिकट हवा, म्हणजे तडा गेला किंवा जोड सुटला तर दिसतो. तो पेट्रोलनं विरघळता कामा नये. आणि पातळ हवा, कारण प्रत्येक पौंडाचा हिशेब होता. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा चंद्रभान म्हणाला, रंगच त आनाचा हाय. मलाही तसंच वाटलं होतं.

अमरावतीत रंगाची दुकानं किती असतील? आम्ही सगळी पालथी घातली. दारं-खिडक्यांचा हिरवा मिळे, डांबर मिळे, आणि नुकताच पोळा झालेला असल्यानं बैलांच्या शिंगांचे उरलेसुरले लाल-निळे डबे मिळत. शिंगांचा रंग स्वस्तात देतो, घेऊन जा, असं एकानं फार आग्रहानं सांगितलं. विमानाचं नाव काढलं की दुकानदार बाकीच्या गिऱ्हाइकांना बोलावून आम्हाला दाखवत, म्हणून चंद्रभान दमणीसाठी पाहिजे असं सांगू लागला. दमणी म्हणजे आमच्याकडची बसायची हलकी बैलगाडी. त्यावर एका म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहून विचारलं, दमणीले आतून रंग कोन लावते? मी पुढच्या दुकानात बाहेरच थांबलो.

बाहेर थांबायला आणखी एक कारण होतं. चंद्रभान खिशात पेट्रोलची कुपी आणि लाकडाच्या ढलप्या घेऊन फिरे. रंगाचा नमुना ढलपीवर लावून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी तीच ढलपी घेऊन दुकानात यायचं, दुकानदारासमोर तिच्यावर पेट्रोल टाकायचं आणि धोतराच्या सोग्यानं घासायचं. सोगा रंगला की तो दुकानदाराला दाखवायचा. आता कोणता दुकानदार हे सहन करील? दोघांनी आम्हाला हाकलून दिलं. त्यातल्या एकाचा मुलगा माझ्याच वर्गात होता.

मग अकोला. तिथं मोटारींचे सांगाडे रंगवणारे लोक आहेत असं कोणीतरी सांगितलं. बडनेऱ्याहून गाडी धरून आम्ही अकोल्याला चार खेपा केल्या, आणि त्या प्रत्येक खेपेचा मला आजही संताप येतो. पहिल्यांदा दुकानदार लग्नाला गेलेला. दुसऱ्यांदा तो भेटला, पण डब्यावर पांढरा असं लिहिलेलं आणि आत चॉकलेटी. मी म्हणालो, बाबा रे, चॉकलेटी तर चॉकलेटी, पोटात कोण बघतं? चंद्रभान म्हणाला, साहेबाले दिसासाठी नाही मास्तर, मले दिसासाठी पाह्यजे. तिसऱ्या खेपेला खरोखर फिकट रंग मिळाला, चंद्रभान गाडीतसुद्धा डबा मांडीवर घेऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी सोगा दुधासारखा पांढरा झाला. त्या दिवशी मी त्याला खूप बोललो. माझ्या रजा संपत आल्या होत्या, घरी माझी बायको रमा माझ्याशी धड बोलत नव्हती, आणि दसरा आठ दिवसांवर आला होता.

चौथी खेप अष्टमीला. अकोल्याच्या मोटार स्टँडजवळ शेषराव नावाचा एक लठ्ठ माणूस लॉऱ्या रंगवायचा. कुठल्याशा डॉक्टरच्या मोटारीसाठी आणलेल्या सायीच्या रंगाचा एक डबा त्याच्याकडे उरला होता. त्यानं स्वतःच तो लावलेला पत्रा काढून दिला. चंद्रभाननं कुपी ओतली, घासलं, पुन्हा घासलं. सोगा कोरा तो कोरा. शेषरावानं सहज विचारलं, कायले पाह्यजे? चंद्रभानही आता दमणीला कंटाळला असावा. त्यानं खरं सांगून टाकलं, आणि शेषरावानं डबा उचलून परत फळीखाली ठेवला.

"तू वरून पडशीन," तो म्हणाला, "अन् लोक माह्या दुकानाचं नाव घेतीन."

"रंगानं कोनी पडत नाही," चंद्रभान म्हणाला. "आतून लाकूड सडलं अन् दिसलं नाही, त पडते. म्हनून त फिक्का मांगून राहिलो."

शेषरावानं हातातली विडी विझवली. मग त्यानं डबा काढला, रंग द्यायची चांगली कुंचीही दिली, आणि निघताना दोनदा बजावलं की लाकडाला तेलाचा हात लागू देऊ नका, तेलावर हा रंग बसत नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूर्य उगवायच्या आत शेडमध्ये हजर झालो. नवमीला रंग, दसऱ्याला दुसरा हात, वाळायला एक रात्र, असा माझा बेत होता. चंद्रभान अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला. त्यानं आपली पटाशी, रंधा, पाने, हातोड्या आणि शेषरावानं दिलेली ती कुंची एका पाटावर ओळीनं मांडली आणि हात जोडले. खंडेनवमी होती. आज हत्याराला हात लावायचा नाही. मी म्हणालो, अरे, कुंची हे काय हत्यार आहे? तो म्हणाला, जेनं काम होते थे हत्यारच. ज्या माणसानं इंग्रजी नकाशावरून विमान बांधलं, दोन वर्षं एकही माप सोडलं नाही, तो माणूस साहेब यायला दोन दिवस उरले असताना हत्यारांना सुट्टी देऊन फॅक्टरीच्या बॉयलरची पूजा करायला निघून गेला. घरी जायचं सोडून मी तिथंच कापसाच्या एका उरलेल्या गाठीवर वर्तमानपत्र उघडून बसलो, जणू माझ्या बसण्यानं रंग वाळणार होता.

थोड्या वेळानं त्याची बायको कौशल्या पूजेचं ताट घेऊन आली. ती फार कमी बोलायची. दोन वर्षं नवऱ्याचा पगार लाकडात आणि कापडात गेला, पण तिच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही. तिनं विमानाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला. मग माझ्याजवळ येऊन तिनं विचारलं, "मास्तर, शेंदूर बाहीरून लावला त कापडाले डाग पडन. आतून लावू का?"

मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. म्हणालो, लावा कुठं लावायचा तिथं, आज सगळं देवाचंच चाललंय. शेंदूर तेलात कालवतात हे मला काय ठाऊक नव्हतं? विज्ञान शिकवत होतो मी.

दसऱ्याला पहाटे चंद्रभान कुंची घेऊन विमानाच्या पोटात शिरला आणि लगेच बाहेर आला. बसायच्या जागेखाली जिथं चार मुख्य काठ्या सरसानं जोडल्या होत्या, त्या जोडावरच शेंदराचं बोटभर जाड स्वस्तिक होतं. तेल रात्रभर कोऱ्या लाकडात मुरलं होतं. हे कोणी केलं, असं त्यानं विचारलं. कौशल्या दारातच उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, म्या केलं. बस, तेवढंच. मी काहीच बोललो नाही. चंद्रभाननं पेट्रोलनं पुसलं, पॉलिशकागदानं घासलं, पुन्हा पुसलं आणि रंग दिला. रंग सुरेख बसला, साय पसरावी तसा. दुपारपर्यंत मलाही वाटलं, निभावलं.

सकाळी त्या जोडावर रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या आणि खालून केशरी डाग वर आला होता.

साहेब उंच, घामाघूम, पण वागायला चांगला माणूस निघाला. त्यानं दोन तास एकेक तार, एकेक खिळा पाहिला. काम पाहून त्यानं दोनदा मान डोलावली, आणि चंद्रभानचे हात हातात घेऊन पाहिले. मग तो बॅटरी घेऊन पोटात वाकला. डागापाशी त्यानं नखानं रंग उकरला, तो सोलून निघाला. हे काय, असं त्यानं मला इंग्रजीत विचारलं, आणि मी ते चंद्रभानला मराठीत विचारलं. माझ्याच तोंडानं.

"माह्या हातून तेल सांडलं, म्हना," चंद्रभान म्हणाला.

आणि मी ते शब्दन् शब्द इंग्रजी करून साहेबाला सांगितलं. साहेब खरंच वाईट वाटल्यासारखा बोलला. सरसाच्या जोडात तेल मुरलं आहे, आता तो धरेल याची हमी मी देऊ शकत नाही. जोड उघडून नव्या काठ्या घाला, महिन्याभराचं काम आहे, मग पुढच्या अधिकाऱ्याला लिहा. त्यानं कागदावर नामंजूर लिहिलं आणि संध्याकाळची गाडी धरली.

महिना कुठून आणायचा? उरलेल्या दोन दिवसांत शेड रिकामी करायची होती. अख्खं विमान ठेवायला जागा नव्हती, म्हणून चंद्रभाननं ते स्वतःच सोडवलं. पंख हिवरखेडला भावाच्या गोठ्यावर गेले, इंजिन एका पिठाच्या गिरणीवाल्यानं नेलं. मी त्या दोन्ही दिवशी तिकडे फिरकलो नाही. शाळेत पोरांवर उगाच खेकसत होतो.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी जिन सुरू झाल्या तेव्हा मात्र मला राहवेना. शेडमध्ये कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत कापसाची भुकटी, आणि चंद्रभान एका यंत्रापाशी नेहमीसारखा बसलेला. मी त्याच्या कानाशी वाकून, ओरडून सांगितलं की कौशल्याबाईंनी मला विचारलं होतं. मीच लावा म्हटलं.

तो यंत्राकडेच पाहत होता. "थे मले त्याच दिशी समजलं," तो म्हणाला. "ती इचारल्याबिगर माह्या कोनत्याच वस्तूले हात लावत नाही. अन् शेडमंदी तुमीच होते."

मी विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीस?

"बोललो असतो त काय झालं असतं? साहेबानं पास केलं असतं का?" त्यानं पाना उचलला. "राग आला ना. अजून हाय. पन अकोल्याले चार खेपा माह्यासंगं दुसरं कोन आलं, मास्तर?"

मग त्यानं एक नट फिरवला आणि मला तिथून जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण पट्टा सुरू होणार होता. मी बाजूला झालो.