काळ्या दारावरची ज्योत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तशी माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. कुणाच्या दुकानात कुठला दिवा चुकलाय, हे मी चहा यायच्या आत सांगून मोकळा होतो, आणि त्यापायी चार माणसं दुखावलीही आहेत. पण ही एक गोष्ट राहिली. इतकी वर्षं कशी राहिली, याचं मलाच कधीकधी नवल वाटतं — मग वाटतं, नवल कसलं, राहू दिली म्हणून राहिली.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वडिलांचा पंचवटीत मांडवाचा आणि रोषणाईचा व्यवसाय होता — लग्नं, गणपती, सत्यनारायण. नव्वदच्या दशकात मी त्यातून बाहेर पडलो आणि दुकानांचे दिवे करायला लागलो. सोन्यावर पिवळा उजेड, चांदीवर पांढरा, पैठणीवर वरून नव्हे, बाजूने. दिवा कुठे धरला की माणसाची नजर कुठे जाते, एवढंच या कामाचं मर्म. आणि कुठे जात नाही — तेही. हा दुसरा भाग मी कुणाला सांगत नसे.

लोक मला म्हणायचे लायटिंगवाला. बारशाला माळा सोडणाराही लायटिंगवाला, आणि मीही. याचा मला मनापासून राग होता. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाचा कसला राग? पण खरं सांगतो, पुढचं सगळं त्या एवढ्याशा शब्दापायी झालं. पोटापाण्यासाठी केलं असं म्हणायचीही सोय नाही, कारण पोट तेव्हा भरलेलं होतं.

दोन हजार सालानंतर कधीतरी मुंबई-आग्रा रस्त्यावर परदेशी गाड्यांचं एक शोरूम उभं राहिलं. नाशिकला तशी गाडी मिळेल हेच तोवर कुणाला खरं वाटत नव्हतं. मालकांना मी इथे नुसतं शेठ म्हणेन. त्यांनी मला बोलावलं, काम दिलं, आणि म्हणाले की दाराशी पितळी पाटी लावू — 'प्रकाशयोजना', आणि खाली तुमचं नाव. पाटी लागली तेव्हा मी काही ना काही निमित्त काढून दिवसातून दोनदा ती बघायला जायचो. हसा हवं तर.

गाडीचे दिवे ही वेगळीच गोष्ट आहे. गाडीचा रंग म्हणजे आरसा असतो. म्हणून मी छताला लांबच लांब सरळ ट्यूब लावल्या होत्या. त्यांची पांढरी रेघ बॉनेटवरून निघायची आणि दारांवरून वाहत थेट मागच्या दिव्यापर्यंत जायची, कुठेही न तुटता. ती रेघ हीच गाडीची ऐट. आणि जिथे ती वाकडी होते तिथे पत्र्याला पोचा आहे असं समजायचं. गॅरेजवालेसुद्धा हातात ट्यूब धरून पोचा असाच शोधतात. म्हणजे माझे दिवे गाडीला नटवायचेही आणि तिची परीक्षाही घ्यायचे. याचा मला अभिमान होता.

मग एका दसऱ्याच्या आधी शेठनी मला घाईने बोलावलं.

कोपऱ्यात एक काळी गाडी उभी होती. ट्रेलरवरून येताना कसारा घाटात तिची साखळी तुटली आणि ती ट्रेलरच्याच कडेच्या लोखंडी खांबावर आदळली. डावी बाजू गेली — पुढचं दार आणि पुढचं चाक. अशी गाडी परत पाठवायची असते. पण पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांनी दसऱ्याला हीच काळी गाडी घ्यायची ठरवली होती आणि तोवर दुसरी काळी येणार नव्हती. शेठनी अंबडच्या एका गॅरेजमधून ती गुपचूप सरळ करून आणली होती. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण माझ्या ट्यूबची रेघ डाव्या दारावर आली की थरथरायची. पोचा बुजवायला पुट्टी भरली होती, दुसरं काय!

गॅरेजवाला तिथेच उभा होता. म्हातारा, हाताला काळं ऑइल, तोंडाने स्पष्ट. शेठ फोनवर बोलायला आत गेले तेव्हा तो मला म्हणाला, "सायेब, रंगाचं काय नाय. पन चाकाचा दांडा वाकला व्हता, तो ठोकून सरळ केलाय. गाडी आजून डावीकडं वढती. नवा दांडा टाकल्याबिगर द्यायला नाय पायजे." नंतर शेठना मी हे विचारलं. ते म्हणाले, नवा भाग मागवलाय, पहिल्या सर्व्हिसिंगला बदलून टाकू, त्यांना कळणारही नाही. मी मान डोलावली.

आता तुम्ही विचाराल, त्याच क्षणी बाहेर का नाही पडलास? मीही विचारलंय. बाहेर पडायला दार एकच होतं, आणि त्या दाराशी पाटी होती. दुसरं उत्तर मला आजवर सापडलं नाही.

मी त्या कोपऱ्यातल्या सगळ्या ट्यूब उतरवल्या. त्यांच्या जागी छतात लहान लहान दिवे विखरून टाकले. काळ्या रंगात ते शेकड्यांनी दिसायला लागले. नजर इतक्या ठिपक्यांत हरवते, मग कुठला ठिपका थोडा लांबट झालाय हे कोण बघतं? काम झालं तेव्हा शोरूममधली पोरं म्हणाली, काय चांदणं पाडलंय सर. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं बरं.

दसऱ्याच्या सकाळी ती मंडळी आली. अशोकराव — उंच, मोकळं हसणारे, पांढऱ्या कपड्यांतले. त्यांची आई, जिला गाडीचा काळा रंग मुळीच पसंत नव्हता आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. आणि नलिनीताई, अशोकरावांची बायको. ही गाडी खरं तर त्यांच्यासाठी होती. त्या नुकत्याच गाडी शिकल्या होत्या, आणि आमच्या पिंपळगावात बायका गाडी चालवत नाहीत, आता बघा, असं अशोकराव सगळ्यांना सांगत होते.

नव्या गाडीला ओवाळायची पद्धत आपल्याकडे आहेच. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. त्या शोरूममध्ये मी त्यात माझी एक भर घातली होती. ओवाळायची वेळ आली की मी छतावरचे दिवे मंद करायचो, म्हणजे निरांजनाची ज्योत उठून दिसते. आणि ज्योत हलू नये म्हणून त्या भागातला एसी बंद करून काचेची दारं लावून घ्यायचो. लोकांना ते फार आवडायचं. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवशीही शेठ म्हणाले, तुमच्या हातानेच करा. मी एसी बंद केला, दारं लावली आणि डिमर फिरवला.

चांदणं विझलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय.

नलिनीताई तबक घेऊन गाडीभोवती फिरू लागल्या. बॉनेटवर ज्योत सरळ. उजव्या दारांवर सरळ. मागून वळसा घेऊन त्या डावीकडे आल्या, आणि पुढच्या दाराशी काळ्या रंगातली ज्योत एकदम थरथरली, वाकडी झाली, तुटल्यासारखी झाली. त्यांच्या हातातली ज्योत मात्र जागच्या जागी उभी होती. पण त्यांची नजर दारावर होती. त्यांनी तबक मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. पुन्हा तसंच. त्या थांबल्या.

"इथं ज्योत का हलली हो?" त्यांनी विचारलं. कुणा एकाला नाही. पण सगळ्यात जवळ मी होतो.

शेठ माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "वारा आहे, ताई."

तीन शब्द. काचेच्या बंद खोलीत, एसी मी स्वतः बंद केलेला असताना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विश्वास ठेवला, आणि ओवाळणं पुरं केलं. मी पटकन दिवे वाढवले. गाडी लिंबावरून पुढे गेली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला.

पहिल्या सर्व्हिसिंगची वेळ यायच्या आधीच ते झालं. दुपारची वेळ, लख्ख ऊन, रस्ता सरळ. नाशिकहून पिंपळगावकडे जाताना दहाव्या मैलाच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेला कांद्याची ट्रॉली उभी होती. गाडी तिच्यावर जाऊन आदळली. चालवत होत्या नलिनीताई. अशोकराव त्यांच्या शेजारी, म्हणजे डाव्या बाजूला — त्याच दाराशी. ते जागच्या जागी गेले. नलिनीताईंचा हात मोडला, बाकी काही झालं नाही. बाकी काही झालं नाही, असं लोक म्हणत होते.

शेठ मला पिंपळगावला त्या घरी भेटायला घेऊन गेले. मी गेलो. भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या, मधे नलिनीताई, हात गळ्यात बांधलेला. अशोकरावांची आई मोठ्याने म्हणत होती, "हिच्या हातात कशाला दिली रं गाडी? माझ्या लेकाला हिनं घालवलं." कुणी तिला गप्प केलं नाही. नलिनीताई एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "गाडी डावीकडं ओढत होती. मी धरून ठेवली होती, तरी ओढत होती." खोलीतल्या सगळ्यांनी खाली पाहिलं, जसं खोटं बोलणाऱ्या लेकरासमोर मोठी माणसं बघतात. आणि शेठ — अगदी मायेने — म्हणाले, "ताई, नवी गाडी अशी ओढत नसते. हाताला सवय नव्हती, एवढंच."

मी काय करत होतो? मी भिंतीवरची ट्यूब बघत होतो. तिचं एक टोक काळं पडलं होतं. बदलायला झाली आहे, असं मनात आलं. खरंच, हेच आलं.

गाडी शेठच्या वर्कशॉपला उचलून नेली. डावं चाक मोडून पडलेलं, आधी काय वाकलं होतं आणि नंतर काय, ते कोण सांगणार? सांगू शकणारे तिघे. गॅरेजवाला म्हातारा पुढच्याच उन्हाळ्यात वारला. शेठनी पुढे शोरूम विकलं आणि मुलाकडे परदेशी गेले. उरलो मी. पुढे कामं येत गेली. मला आता कुणी लायटिंगवाला म्हणत नाही.

पाच-सहा वर्षांनी फोन आला. बाईचा आवाज. पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाउस बांधलंय, दिवे करायचेत, याल का? नाव सांगितलं, ते नलिनीताईंचं होतं. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, म्हणून गेलो.

नलिनीताईंनीच ते सगळं उभं केलं होतं. सासू अजून होती. दोघी एका घरात राहायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. बाग, माल, माणसं, सगळं त्या बघत. मोटार सोडून. स्टिअरिंगला त्यांनी परत हात लावला नव्हता. लांब टेबलांवर बायका घड निवडत होत्या, आणि त्यांना उजेड असा हवा होता की एकही डागी मणी निसटू नये. "भाऊ, डाग लपता कामा नये," त्या म्हणाल्या, "एवढं एकच बघा." हे त्या मला सांगत होत्या.

मी केलं. जीव ओतून केलं — सरळ ट्यूब, पांढरा स्वच्छ उजेड, सावली कुठेच नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते असेल, आणि त्यावर माझी पाटी नाही.

काम संपलं त्या दुपारी त्यांनी चहा दिला. आणि कप हातात असतानाच म्हणाल्या, "भाऊ, दसऱ्याला तुम्ही होता ना तिथं? ज्योत हलली होती, आठवतं? मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. देवानं दाखवलं, आन मी तशीच गाडीत बसले." मग म्हणाल्या, "तेव्हापासून मी कुणालाच ओवाळत नाय. विधवा म्हणून नाय हो, ते मी मानत नाय. माझ्या पोराला, भावाला — कुणालाच नाय. माझ्या हातातली ज्योत थरथरती." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "का वाराच होता?"

म्हणजे इतकी वर्षं ही बाई काय समजत होती? गाडी आपल्याला चालवता आली नाही, हे तर लोकांनी सांगितलंच होतं. वर हेही, की देवाने खूण दाखवली आणि आपण ती ओलांडली. आणि ती खूण म्हणजे काय होतं, तर अंबडच्या गॅरेजमधली पुट्टी. दोन वाक्यं पुरली असती. ताई, तुमचा हात चांगला होता. ताई, गाडी खरंच ओढत होती. डोक्यावर लख्ख उजेड होता, मीच लावलेला. त्या वाट बघत होत्या. माझ्याकडून सुटका मागत होत्या, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

मी म्हणालो, "वाराच होता, ताई."

त्यांनी मान हलवली, माझा कप उचलला आणि टेबलाकडे गेल्या. एका बाईच्या हातून घड घेऊन उजेडाखाली फिरवून पाहिला, त्यातला एक मणी काढला आणि घड परत दिला.

सासू गेली तेव्हा मी पुन्हा जाऊन आलो. शेवटपर्यंत ती नलिनीताईंशी बोलली नाही, असं कुणीतरी सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि घरी आलो. नलिनीताई आहेत. पॅकहाउस चालू आहे, ट्यूबही त्याच. अजून त्या कुणाला ओवाळत नाहीत.

त्या दसऱ्याला मी दिवे मंद केले होते. एसी मी बंद केला होता. काचेची दारं मीच लावली होती. वारा नव्हता.