आवाज मारणारे सर

सदर मोहल्ल्यातले आमचे शेजारी सर कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतात आणि उरलेलं घरी येऊन आमच्यावर ओततात. लाटा समजावताना ते गच्चीवरची वाळवणाची दोरी अशी हलवतात, की माझा ओला पायजमा उडून थेट दूरच्या ओमतीच्या पोलीस ठाण्यात हजर व्हावा.

परवा समोरच्या लग्नात संध्याकाळपासून डीजे गर्जत होता, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीचा बारावीचा पेपर. सर म्हणाले, "भाऊ, काहून घाबरून राहिले? उलटी लाट सोडतो. हिचं शिखर तिच्या खड्ड्यात बसलं की आवाज खलास!"

त्यांनी डीजेकडूनच तार ओढली, उलटी जोडली आणि आपल्या खिडकीत कपाटाएवढा स्पीकर लावला. आमच्या घरात आवाज दुप्पट झाला. भिंतीवरची पाल सामान बांधू लागली. मी धावत त्यांच्याकडे गेलो, तर सर आरामखुर्चीत निवांत.

"मले तं काहीच ऐकू येऊन नाही राहिलं! आवाज मरत नसतो भाऊ, जागा बदलतो. तुमच्याकडे आला, त्यात माझा काय दोष?"

"अच्छा? मग उठा सरजी," मागून आलेली माझी बायको म्हणाली, आणि तिनं पोरीला पुस्तकांसकट त्या खुर्चीत बसवलं.

सर आमच्या घरी येऊन सोफ्यावर कानांत बोटं घालून बसले आणि तिथूनच ओरडले, "पाहा, प्रयोग यशस्वी!"