साखरेच्या डब्याचं झाकण

इकडे ये बघू. अशी लांबून फोनवर काय विचारतेस? येता येत नसेल तर निदान हे पत्र वाचताना तरी जरा जवळ सरकून बस, आणि तो फोन पालथा घाल. वाघोली ते वारजे म्हणजे काय परदेश आहे का गं? एकाच गावाची दोन टोकं. ट्रॅफिकचं मला सांगू नकोस, ते काय आजच सुरू झालंय? दिवाळीला येते म्हणालीस, संक्रांत होऊन गेली, माझे तिळगूळ दगड झाले. आणि काल निरोप कसला, तर "आजी, मला तुझ्यासारखी शिस्त लावायचीय, टिप्स दे ना."

टिप्स म्हणे. तुझी आई सांगत होती, रात्री गजर लावतेस आणि सकाळी झोपेतच बंद करतेस. मग अंथरुणात लोळत पहाटे उठणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघतेस. बघ हो, उठतील बिचारे तुझ्या वाटचे.

तुला वाटतं आजी पहिल्यापासून अशीच. चपला सरळ, टॉवेलची घडी, नळाला पाणी यायच्या आत अंथरूण आवरलेलं. तू कळत्या वयात मला अशीच पाहिलंस, त्यात तुझा दोष नाही. पण आईला विचार. आमच्या घरात शिस्त होती ती तुझ्या आजोबांची. मी आपली त्या शिस्तीत भाडेकरूसारखी राहत होते.

हे कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. अंधारात हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. घरीही तेच. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. चष्मा रेडिओवर. दाढीचं सामान गॅलरीतल्या खुर्चीजवळच्या स्टुलावर, पाण्याचा मग, ब्रश, साबण, अगदी ओळीने. उठल्यावर दाढी, मग पेपरात खडकवासल्यात पाणी किती झालं ते मोठ्याने वाचायचं, जसं काही धरण यांच्याच नावावर आहे, आणि मग चहा. चहा नेहमी तेच करायचे.

आणि मी? केसांतले आकडे बेसिनवर, ओला टॉवेल पलंगावर, कणकेचा हात दाराच्या कडीला. सगळ्यात वाईट म्हणजे झाकणं. डब्याचं झाकण दाबून लावायची मला सवयच नव्हती. वर नुसतं टेकवायचं आणि पुढच्या कामाला पळायचं. हे सकाळी साखरेचा डबा वरून धरून उचलायचे, झाकण हातात राहायचं आणि डबा ओट्यावर आडवा. पण आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात येऊन शांतपणे विचारायचे, "झाकणं काय शोभेला ठेवलीत का गं?"

मी म्हणायचे, अहो, मग खालून धरत जा. ते म्हणायचे, बरोबर आहे, चूक डब्याची आहे. आणि मग मी जिथे जिथे फिरले असेन तिथे तिथे मागून येऊन एकेक झाकण अंगठ्याने दाबून बसवायचे. टक्, टक्, टक्. लग्न झाल्यापासून माझ्या पाठीमागे हा आवाज होता. मला कधी तो ऐकू आला नाही, इतका सवयीचा.

मग एक दिवस बाहेरून आले आणि दाराजवळच उभे राहिले. हातात किल्ली, समोर खिळा. कितीतरी वेळ उभे. मला म्हणाले, हे कुठे असतं? मी हसले. म्हटलं, आता तुम्ही माझी नक्कल करायला लागलात का. पण ते हसले नाहीत. किल्ली हातात तशीच धरून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पोळपाट सोडून उठले.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोक्याचे फोटो काढून झाले. शेवटी त्या बाईंनीच मला समजेल अशा शब्दांत सांगितलं, की हे विसरणं आता वाढत जाणार. औषध थोडं ओढून धरेल. घरात तुम्ही एकच करा, त्यांचा क्रम मोडू देऊ नका. रोज तेच, त्याच वेळेला, त्याच जागी. डोकं विसरलं तरी हात लवकर विसरत नाहीत.

मी विचारलं, मला विसरतील का हो?

त्या म्हणाल्या, घर ओळखीचं राहिलं तर तुम्हीही राहाल, जास्त दिवस.

एवढ्यासाठी मी शिस्त शिकले बघ, केस पांढरे झाल्यावर. तब्येतीसाठी नाही, कुणी चांगलं म्हणावं म्हणूनही नाही. यांनी मला विसरू नये म्हणून.

तू विचारलंस म्हणून सांगते, कशी शिकले ते. पहिल्यांदा मी फक्त झाकणं धरली. बाकी पसारा असेना का, पण डबा उघडला की अंगठ्याने दाबून टक् वाजल्याशिवाय हात काढायचा नाही. विसरले की परत जायचं. अंथरुणावर पाठ टेकल्यावर आठवलं तरी उठून जायचं, आणि जाताना स्वतःला बोल लावत बसायचं नाही, कारण त्यात दम जातो. ते हाताला बसलं तेव्हा त्याच्या शेपटाला दुसरी गोष्ट बांधली. चहापत्तीच्या डब्याचं झाकण लागलं की लगेच दाढीचं पाणी ठेवायचं. त्याच्या शेपटाला तिसरी. तू काय करतेस, तर पहाटे उठणं, पळायला जाणं, डायरी, गार पाण्याची अंघोळ, सगळं एकाच सोमवारी काढतेस. मग मंगळवारी अंग दुखतं आणि सगळंच बंद. एक काहीतरी धर. अगदी लहान, हसू येईल इतकं लहान धर.

मला शिकवायला कोणी नव्हतं. शाळा मधेच सुटलेली, जे आलं ते करून करून आलं. पण आलं हो. घर अगदी त्यांच्या स्टोअरसारखं झालं. सामान ओळीने दिसलं की हे खुर्चीत बसायचे, ब्रश उचलायचे, आणि हात आपोआप चालायचे. पुढे हात थरथरायला लागले तेव्हा मी मनगट धरायचे, आणि त्याहीपुढे दाढी मीच करायला शिकले. हनुवटीखाली उलटं खरवडायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. पेपर कालचा असला, परवाचा असला तरी चालायचा. खडकवासल्यातलं पाणी आमच्याकडे आठवडाभर तेवढंच राहायचं. चहा मी करायला लागले, पण एक काम त्यांच्याकडे ठेवलं होतं. मांडणीवरून साखरेचा डबा काढून माझ्या हातात द्यायचा. तो देताना कारखान्यात माल दिल्यासारखा ताठ उभं राहून द्यायचे.

घाबरणं कमी झालं. दाराकडे धाव घेणं थांबलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आजी, कमाल केलीत. मलाही वाटलं, आपण जिंकतोय.

फक्त एक होतं. मधूनमधून ते मला "आपण" म्हणायला लागले होते. "आपण जेवलात का?" "आपण दमला असाल." मी मनात म्हणायचे, आज दिवस जरा वाईट आहे, उद्या "गं" म्हणतील. असे उद्या बरेच गेले.

एका सकाळी गॅलरीत चहा घेत होतो. ऊन नुकतंच पायाशी आलं होतं. यांनी बशी खाली ठेवली, घराकडे एक नजर टाकली आणि मला म्हणाले, "बाई, आपण फार नीटनेटक्या आहात. कामात चूक म्हणून नाही."

मी म्हटलं, हो का.

"आमची मंडळी अशी नव्हती." मंडळी म्हणजे बायको गं. त्यांच्या वयाची माणसं असं म्हणायची. "तिला आमच्या स्टोअरमध्ये घेतलं असतं ना, दुसऱ्या दिवशी काढून टाकावं लागलं असतं."

मी विचारलं, "मग तुम्ही का नाही काढलंत?"

त्यांनी खरंच विचार केला. कपाळाला आठी घालून, एखादी वस्तू कुठल्या फळीवर आहे ते आठवावं तसा. म्हणाले, "मागे मागे झाकणं लावत फिरायची सवय झाली होती." मग हळूच पुढे वाकून, परक्या बाईला संकोचाने सांगावं तसं म्हणाले, "बऱ्याच दिवसांत दिसली नाही. कुठे गेली काही सांगून गेली नाही. आपल्याला भेटली तर सांगाल? म्हणावं, मी घरीच आहे."

सांगते, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आत आले. मांडणीसमोर उभी राहिले. सगळे डबे एका रेषेत, सगळी झाकणं घट्ट. एवढं मरमरून मी घर ओळखीचं ठेवलं, आणि त्या घरातून कोण नाहीसं झालं ते माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांना जी आठवत होती ती पसारा घालणारी होती. ही टापटीप बाई त्यांच्या ओळखीची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सगळं क्रमाने केलं. पाणी, दाढी, पेपर. फक्त साखरेच्या डब्याचं झाकण नुसतं टेकवून ठेवलं. हे आले, सवयीने वरून धरून डबा उचलला. झाकण हातात, डबा खाली, साखर ओटाभर आणि त्यांच्या पायांवर.

मला वाटलं, आता घाबरतील, चूक केली मी. ते झाकणाकडे बघत राहिले. मग साखरेकडे. मग माझ्याकडे.

"झाकणं काय शोभेला ठेवलीत का गं?"

गं म्हणाले. मला गं म्हणाले.

मी खाली बसून पदराने साखर गोळा करायला लागले. म्हटलं, अहो, मग खालून धरत जा. वरून आवाज आला, बरोबर आहे, चूक डब्याची आहे. मी तशीच बसून राहिले, साखर कधीच गोळा झाली होती तरी. चहा कपात ओतेपर्यंत ते माझे होते. चहा निवेपर्यंत पुन्हा "बाई, आपण बसा ना" झालं.

तेव्हापासून ते झाकण सैल ठेवणं हे माझं सगळ्यात कडक वेळापत्रक झालं. डब्यात साखर थोडीच ठेवायची. खाली जुनी चादर अंथरायची. तुझी आई एकदा आली होती, तिने पाहिलं आणि मलाच रागावली, की आई, तूसुद्धा विसरायला लागलीस का. तिला कसं सांगणार होते? त्या तेवढ्या वेळासाठी मी बाकीचा सगळा दिवस काढायचे. कधी "गं" यायचं, कधी नुसतं सांडलेल्या साखरेकडे बघणं. पुढे पुढे बघणंच जास्त. मी तरी टेकवत राहिले. सवय होती ना.

मग ते अंथरुणाला खिळले. मी डबा पलंगाशी न्यायला लागले. शेवटी शेवटी एकदा त्यांच्या हातात दिला तर झाकण घरंगळून पांघरुणावर पडलं. त्यांचं बोलणं संपलंच होतं. पण चाचपत चाचपत झाकण उचललं, डब्यावर ठेवलं, आणि अंगठा टेकवला. जोर नव्हता बोटात. मी माझा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला आणि दोघांनी मिळून दाबलं. टक् वाजलं. त्यांनी डोळे मिटले, काम झाल्यासारखे. त्याच आठवड्यात गेले.

आता ऐक, तुला शिस्त हवी म्हणतेस ना. मी आजही नळाच्या आधी उठते. अंथरूण, चपला, टॉवेल, सगळं जिथल्या तिथे. त्याचं मला काही कौतुक नाही. कशासाठी शिकले होते ते संपलं, आणि सवय राहिली. अगं, मी कितीदा प्रयत्न केला. सकाळी ठरवून साखरेचं झाकण नुसतं टेकवते, म्हणते राहू दे आज असंच, त्यांच्यासाठी. आणि गॅसकडे वळते ना वळते तोच हात मागे जातो आणि अंगठा दाबतो. टक्. हात ऐकतच नाही माझं. ते जिची वाट बघत होते, ती आता मलासुद्धा या घरात सापडत नाही.

तुझी आई म्हणते, एकटी राहू नकोस, वाघोलीला चल. बघू. पण आधी तू ये. तुझ्या नावाने तुझी आई काय रडगाणं गाते मला माहीत आहे. केसांचे रबर बेसिनवर, ओला टॉवेल पलंगावर, आणि एकाही डब्याचं झाकण धड लागलेलं नसतं. गेल्या खेपेला तू चहा केलास, तू गेल्यावर मी साखरेचा डबा वरून धरून उचलला आणि सगळा ओटा पांढरा झाला. मी किती वेळ तो पुसलाच नाही.

शिस्त तुला लावीन, सांगितलं तसं एक एक करून लावीन. पण ती तुझ्या हाताला बसायच्या आत एकदा येऊन जा. बॅग दारातच टाक, चपला कशाही काढ, चहा तूच कर. मी मागून येते झाकणं लावत. या रविवारी ये. उशिरा उठलीस तरी चालेल, पण ये.