अप्पांचा हुकलेला गवा

गेल्या शनिवारी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन दाजीपूरच्या जंगलात गेले होते. मुक्कामाला, तंबूत. वय एकोणसत्तर, गुडघे कुरकुरणारे, आणि डोक्यात एकच खूळ... गवा बघायचा.

त्याला कारण आहे. मागे एकदा एक गवा वाट चुकून आमच्या कसबा बावड्याच्या उसात शिरला होता. अख्ख्या बावड्याने तो बघितला, शेजारच्या काकूंनी तर गॅसवर कुकर तसाच ठेवून. एकटे अप्पा त्या दिवशी कागलला लग्नाला गेलेले. जिलेबीची पंगत उठेपर्यंत थांबले, तोवर इकडे गवा आला तसा निघूनही गेला.

तेव्हापासून सकाळच्या चहाच्या कट्ट्यावर अप्पांची धडगत नाही. कट्ट्यावर सगळे साखर कारखान्यातले त्यांचे जुने सोबती, आता रिटायर. गव्याचा विषय निघाला की, "तू गप की, तू जिलेबी खात हुतास." अप्पा हसण्यावारी न्यायचे, पण घरी येऊन पेपर उगाच जोरात झटकायचे. लागलं होतं त्यांना, मला कळत होतं.

आता अप्पांची अडचण एकच... आवाज. पस्तीस वर्षं उसाच्या गाळपाच्या मशीनपाशी काढली, तिथे ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. त्यामुळे जेवताना त्यांनी मीठ मागितलं की समोरच्या बिल्डिंगमधली बाई मीठ घेऊन येईल असं वाटतं.

जंगलातले आमचे वाटाडे तानूमामा, तिथल्याच वाडीवरचे. निघतानाच त्यांनी बजावलं, "पावणं, गव्याचं कान लई तिखट असत्यात. तोंड अजिबात उघडायचं न्हाय."

"न्हाय उघडत," अप्पा म्हणाले, आणि समोरच्या झाडावरचे होले उडून गेले.

तरी बिचाऱ्यांनी अर्धा तास कळ काढली. मग वाटेत ओलं शेण दिसलं. मामा खाली वाकून बघतायत, बोट ओठांवर... आणि अप्पांना राहवेना. "ए पोरी, ताजं हाय की ह्ये!"

डावीकडच्या झुडपात काहीतरी जड धडधडत गेलं. फांद्या मोडल्याचा आवाज आला, मग सगळं शांत. मामांनी नुसता सुस्कारा सोडला.

आणि मी, खोटं कशाला सांगू, चिडले. "अप्पा, जन्मात एकदा तरी गप्प बसा की." बोलून गेले आणि जीभ चावली. अप्पा दगडावर बसून बुटाची नाडी सोडून परत बांधत राहिले. मग त्यांच्या मानाने अगदी हळू म्हणाले, "मला तंबूपाशी सोडा. तुमी दोघं जावा फुडं. तुला तरी दिसू दे."

नको नको म्हटलं, पण ऐकतील तर अप्पा कसले. त्यांना तंबूपाशी सोडून आम्ही पुन्हा निघालो. दोन तास चाललो. शेकरू दिसलं, मोर दिसला, गव्याचं शेपूटसुद्धा नाही. खरं सांगायचं तर माझं लक्षच नव्हतं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच माणूस मागे एकटा चटईवर बसलेला.

दिवस मावळायच्या सुमाराला परतलो. अप्पा तंबूबाहेर आमच्याकडे पाठ करून बसले होते. पाऊल वाजलं असेल, कारण मागे न बघता त्यांनी डावा हात वर केला. पंजा उघडा.

मी जागच्या जागी थांबले. हा हात मला पाठ होता. लहानपणी मी कारखान्यात त्यांचा डबा घेऊन जायचे. मशीनच्या आवाजात सगळे कामगार हातानेच बोलायचे, आणि दारातून मला अप्पांचा हात दिसायचा. थांब. तिथंच उभी राहा. भूक लागली. आई कशी आहे?

पंजा आता खाली झुकला. बस. आम्ही सरकत त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, मामासुद्धा. मग चार बोटं, आणि शेवटी गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा तळहात. चार मोठे, एक लहान.

खालच्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळपठारावर, शे-दीडशे पावलांवर गवे चरत होते. काळेभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. पिल्लू आईच्या पोटाखालून इकडून तिकडे जात होतं. मी खिशातल्या मोबाईलकडे हात नेला, तर अप्पांचं बोट हललं... नको.

मी कान पकडून दाखवला. माझं चुकलं. त्यांनी हात उडवला... चालतंय. डोळे मात्र भरलेले होते त्यांचे, आणि माझेही.

अंधार पडेपर्यंत तिघंही तसेच बसून होतो. मामा नंतर म्हणाले, "इतका गप माणूस म्या जंगलात बघितला न्हाय." अप्पा एवढ्या मोठ्याने हसले की म्हटलं, बरं झालं गवे गेले.

फोटो मात्र नव्हता. कट्टा काही विश्वास ठेवणार नाही, म्हणून सोमवारी सकाळी साक्षीला मीही गेले. "काय, दिसला का? का पुन्यांदा जिलेबीच?" झालं सुरू.

अप्पांनी कप खाली ठेवला आणि हात वर केले. एक शब्द नाही. सडा, शिंगं, चार मोठे, एक लहान, आणि माझा पकडलेला कानसुद्धा. सगळे कारखान्यातले, एकालाही काही विचारावं लागलं नाही. बावड्यातला सगळ्यात गोंगाटाचा कट्टा एवढा गप्प झाला की चहावाला बाहेर येऊन बघून गेला. शेवटी रोज जिलेबीवरून चिडवणाऱ्या काकांनी हातानेच विचारलं, पिल्लू केवढं? अप्पांनी गुडघ्यापाशी तळहात धरला.

माझी साक्ष कुणी मागितलीच नाही.

दुपारी जेवताना अप्पांनी मीठ मागितलं. पार समोरच्या बिल्डिंगपर्यंत ऐकू गेलं असणार. मी मुकाट्याने दिलं... आणि काय सांगू, तो आवाज ऐकून लई बरं वाटलं.